किरणोपचारातले दुखणे: कुठून येते, केव्हा येते

किरणोपचार घेताना दुखत नाही. यंत्राखाली काही मिनिटे निश्चल पडून राहायचे, एवढाच त्या वेळचा अनुभव असतो. क्ष-किरण जाणवतील असे चेतातंतू माणसाच्या शरीरात नाहीत. 'किरणांनी भाजते' असे सर्रास म्हटले जाते, पण त्यात उष्णतेचा भाग जवळजवळ शून्य आहे. एका दिवशी दिला जाणारा नेहमीचा डोस २ ग्रेच्या आसपास असतो आणि एक ग्रे म्हणजे एक किलो ऊतींत शोषली गेलेली एक ज्यूल ऊर्जा. २ ग्रेमुळे ऊतींचे तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागानेही वाढत नाही. तरीही तिसऱ्या आठवड्यात आवंढा गिळवत नाही, काखेतली कातडी सोलवटते, शौचाला बसणे नकोसे होते. काहींना तर उपचार संपून दोन-चार वर्षे झाल्यावर जबडा किंवा हात दुखू लागतो. हा उशीर पेशींच्या आयुर्मानामुळे होतो. त्यामुळे 'किती दुखते' याच्या जोडीला 'केव्हापासून दुखते' हेही डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते. बऱ्याचदा निदानाचा धागा त्या दुसऱ्या उत्तरातच सापडतो.

पेशीत काय घडते

शरीरातील पेशींत सर्वाधिक असते ते पाणी. क्ष-किरणांची बरीचशी ऊर्जा या पाण्याच्या रेणूंवर पडते, त्यातून हायड्रॉक्सिल नावाचे अतिशय क्रियाशील फ्री रॅडिकल तयार होतात आणि ते डीएनएवर आदळतात. एका ग्रेमुळे प्रत्येक पेशीच्या डीएनएचा एकच धागा सुमारे हजार ठिकाणी तुटतो आणि दोन्ही धागे सुमारे चाळीस ठिकाणी तुटतात. एक धागा तुटला तर समोरचा धागा पाहून पेशी दुरुस्ती करते. दोन्ही धागे एकाच जागी तुटले की दुरुस्ती अवघड होते आणि ती चुकतेही.

अशी पेशी लगेच मरत नाही, विभाजनाची वेळ आली की अडखळते. बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या फ्रेंच संशोधकांनी १९०६ मध्येच हे सूत्र मांडले होते, की जी पेशी वारंवार विभागते ती किरणांना लवकर बळी पडते. कर्करोगाच्या पेशी याच कारणाने मरतात. मात्र तोंडाचे अस्तर, आतड्याचे अस्तर आणि कातडीचा तळचा थर यांच्या पेशीही सतत विभागत असतात. लहान आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होते, तोंडाचे एक-दोन आठवड्यांत, कातडीचा वरचा थर साधारण चार आठवड्यांत. वरच्या पेशी झिजत राहतात आणि खालून नव्या येत नाहीत, तेव्हा अस्तर पातळ होत शेवटी फाटते. दुखणे पहिल्या दिवशी न येता ठरावीक आठवड्यात येते ते यामुळे. हाडे, स्नायू, नसा आणि बारीक रक्तवाहिन्या यांच्या पेशी क्वचितच विभागतात, म्हणून त्यांच्यावरचा परिणाम महिन्यांनी किंवा वर्षांनी उघड होतो. वैद्यकात ९० दिवसांच्या आतला त्रास तीव्र किंवा लवकरचा आणि त्यानंतरचा उशिराचा मानला जातो.

नसा हळव्या का होतात

अस्तर फाटण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या काही डोसांनंतरच, आत दाह सुरू झालेला असतो. जखमी पेशींत एनएफ-कप्पा-बी नावाची रासायनिक कळ दाबली जाते आणि त्यातून टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ अशी दाहक प्रथिने बाहेर पडतात. त्यांच्या जोडीला प्रोस्टाग्लँडिन आणि ब्रॅडिकायनिन येतात. अमेरिकेतील दंतवैद्य-संशोधक स्टीफन सोनिस यांनी तोंडाच्या दाहाचे जे पाच टप्पे मांडले, त्यांत व्रण हा चौथा टप्पा आहे. म्हणजे तोंडात चट्टा दिसतो तोवर खालचे काम बरेच पुढे गेलेले असते.

ही रसायने वेदना वाहणाऱ्या चेतातंतूंच्या टोकांवर काम करतात. तिथे टीआरपीव्ही-१ नावाचे एक प्रथिन असते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ते १९९७ मध्ये ओळखले आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा वाटा होता. निरोगी ऊतींत हे प्रथिन सुमारे ४३ अंशांना जागे होते, म्हणून गरम वस्तूचा चटका कळतो. मिरचीतले कॅप्सेसिनही नेमके हेच प्रथिन जागे करते. दाह असताना त्याचा उंबरठा खाली येतो, इतका की शरीराचे नेहमीचे तापमानही त्याला पुरते. मग कोमट वरण पोळते आणि भाजीतली एरवी न जाणवणारी मिरची तोंडात आग लावते. आम्लानेही हे प्रथिन चेतते, त्यामुळे टोमॅटो, लिंबू, आंबट ताक झोंबते. किरणोपचारात तिखट-आंबट बंद करण्याच्या सल्ल्यामागे ही कारणे आहेत. त्याला पथ्याचे जुने खूळ समजणे चूक ठरते.

दुखणे बरेच दिवस चालू राहिले, तर मज्जारज्जूतल्या पेशीही उत्तेजित अवस्थेत जातात. मग नुसता कापडाचा स्पर्श किंवा दातांवरून फिरणारा मऊ ब्रशही वेदना म्हणून पोहोचतो. या पायरीला दुखणे आटोक्यात आणणे जास्त कठीण जाते. 'अगदीच असह्य झाले तर गोळी घेऊ' हा आपल्याकडचा सोशिकपणा इथे तोट्याचा ठरतो. सतत दुखत असेल तर डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामके घड्याळाप्रमाणे, दुखणे डोके वर काढण्याआधी घ्यायची असतात.

तोंड आणि घसा

भारतात तंबाखू, गुटखा, मशेरी यांमुळे तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे रुग्ण फार आहेत. किरणोपचारातले सर्वांत जिकिरीचे दुखणेही त्यांच्याच वाट्याला येते. सहा-सात आठवड्यांत ६० ते ७० ग्रे डोस दिला जातो. दुसऱ्या आठवड्यात तोंड लाल होते, तिसऱ्यात चट्टे आणि व्रण दिसतात, ते शेवटपर्यंत टिकतात आणि उपचार संपल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत भरून येतात. सोबत केमोथेरपी असेल तर त्रास लवकर सुरू होतो आणि वाढतो.

व्रण पडला की चेतातंतूंची टोके उघडी पडतात. त्यावर तोंडातले जंतू बसतात आणि त्यांच्या घटकांमुळे दाहक प्रथिनांची दुसरी लाट येते. त्यातच लाळग्रंथींवर किरण पडून लाळ आटते. लाळेतले बायकार्बोनेट आम्ल शमवते आणि लाळेचा ओलावा घर्षण कमी करतो. ही दोन्ही संरक्षणे एकदम जातात. मीठ-सोड्याच्या पाण्याने गुळण्या करण्याचा सल्ला जगभर दिला जातो तो यासाठीच. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा खाण्याचा सोडा आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून दर दोन-तीन तासांनी खळखळून चूळ भरावी. हे पाणी रोज ताजे करावे. अल्कोहोल असलेले बाजारातले माउथवॉश वापरू नयेत. बेंझिडामिनच्या गुळण्या, कमी तीव्रतेच्या लेसरचे उपचार आणि व्रण बधिर करणारी औषधे उपलब्ध आहेत, ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून घ्यावीत. जिभेवर किंवा गालाच्या आत पुसता येणारा दह्यासारखा पांढरा थर दिसला आणि दुखणे अचानक वाढले, तर बहुधा कँडिडा बुरशी आलेली असते. तिला बुरशीविरोधी औषध लागते, नुसती वेदनाशामके पुरत नाहीत.

जेवणात गुरगुट्या भात, मुगाचे पातळ वरण, नाचणीचे सत्त्व, दूध, कुस्करलेले केळे, मऊ शिरा चालतो. पदार्थ गार किंवा कोमट असावा. घास उतरत नसेल तर जेवणाच्या अर्धा तास आधी वेदनाशामक घेण्याची सोय डॉक्टर करून देतात. वजन झपाट्याने उतरू लागले की नाकातून नळी घालतात. त्या नळीला घरचे लोक फार घाबरतात, पण तिने रुग्ण मरणाच्या दारात गेला असे होत नाही. उलट तिच्यामुळे उपचार पूर्ण करता येतात.

पूर्ण करता येणे हा इथला खरा मुद्दा आहे. तोंड-घशाच्या कर्करोगात उपचार मध्येच थांबले तर उरलेल्या कर्करोग-पेशी वेगाने वाढू लागतात. उपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने किंवा थोडी अधिक कमी होते. दुखते म्हणून चार दिवस घरी बसण्याची किंमत एवढी आहे. म्हणून वेदनेवरचा उपचार हा किरणोपचाराचाच भाग मानला पाहिजे. या काळात तंबाखू चालू ठेवणे म्हणजे जखमेवर रोज नवा घाव घालणे.

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्यांबद्दल वेगळा इशारा द्यायला हवा. तोंड-घशाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगात किरणांसोबत बहुधा सिसप्लॅटिन हे औषध दिले जाते. सिसप्लॅटिन मूत्रपिंडांवर ताण आणते आणि या गोळ्याही तेच करतात. दोन्ही एकत्र आल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

कातडी

स्तनाच्या किंवा मानेच्या उपचारांत दोन-तीन आठवड्यांनी कातडी लालसर आणि गरम लागू लागते, मग कोरडी होऊन सुटते. काखेत, स्तनाखालच्या घडीत, मानेच्या वळीत ती ओलसर सोलवटते. घामाची आणि घर्षणाची जागा तीच असते. उपचार संपल्यावर एक-दोन आठवडे त्रास वाढतच जातो, मग उतरतो. औषध लागू पडत नाही म्हणून या दिवसांत घाबरू नये, तळचा थर नव्याने भरायला तेवढा वेळ लागतोच.

अंघोळ बंद करायची नसते. कोमट पाणी आणि सौम्य साबण चालतो, फक्त कातडी चोळू नये आणि आखणीच्या खुणा पुसू नयेत. सैल सुती ब्लाउज किंवा कुडता घालावा, पट्ट्याची घट्ट ब्रा टाळावी. गरम पाण्याची पिशवी, बर्फ, चिकटपट्टी आणि जाहिरातीतले लेप त्या जागेवर नकोत. हळदीचा लेपही विचारल्याशिवाय लावू नये. पाणी सुटत असेल, वास येत असेल किंवा ताप आला असेल तर संसर्गाची शंका घेऊन त्याच दिवशी दाखवावे.

पोट आणि ओटीपोट

गर्भाशयमुख, गुदाशय किंवा प्रोस्टेटच्या उपचारांत आतड्याचे अस्तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उघडे पडते. पोटात कळा येऊन पातळ शौचाला होते, शौचाला झाल्यावरही पुन्हा जावेसे वाटत राहते आणि लघवीला आग होते. हे बहुतेक काही आठवड्यांत शमते.

उशिराचा प्रकार वेगळा असतो. उपचारानंतर सहा महिने ते दोन वर्षांनी गुदाशयाच्या अस्तरात नाजूक, फुगलेल्या रक्तवाहिन्या तयार होतात आणि शौचावाटे रक्त जाते. इथे एक चूक वारंवार होते: मूळव्याध समजून गावातल्या कुणाकडून इंजेक्शन किंवा क्षारसूत्र करून घेतले जाते. किरण पडलेल्या ऊतींचा रक्तपुरवठा आधीच तुटपुंजा असतो, त्यामुळे अशी जखम भरत नाही आणि कधी गुदाशय व योनी यांच्यामध्ये भोकही पडते. तिथला तुकडा तपासणीसाठी काढतानाही तज्ज्ञ दोनदा विचार करतात. स्त्रियांमध्ये योनीमार्ग कोरडा आणि अरुंद होतो, संबंधाच्या वेळी आणि डॉक्टरांच्या तपासणीतही दुखते. संकोचामुळे याबद्दल क्वचितच बोलले जाते. उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी डायलेटर (मार्ग मोकळा ठेवणारे साधन) नियमित वापरला तर अरुंदपणा बराच टाळता येतो.

उपचारामुळेच भडकणारे हाडाचे दुखणे

कर्करोग हाडांत पसरला असेल तर वेदना कमी करण्यासाठीच किरण दिले जातात, बहुधा ८ ग्रेचा एकच डोस. दहांतील सुमारे सहा रुग्णांना आराम पडतो, पण त्याला तीन-चार आठवडे लागू शकतात. गोंधळ पहिल्या आठवड्यात होतो. साधारण तीनांतील एका रुग्णाचे दुखणे पहिल्या काही दिवसांत आणखी भडकते. हाडाच्या आवरणाखाली सूज येते, दाहक रसायने सुटतात आणि या आवरणात चेतातंतू दाटीने असतात. हे दुखणे दोन-चार दिवसांत, फार तर दहा दिवसांत ओसरते. कॅनडात झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पाच दिवस डेक्सामेथासोन हे दाह कमी करणारे स्टेरॉइड घेतलेल्यांत भडका उडण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले. मधुमेह असलेल्यांनी हे औषध साखरेवर लक्ष ठेवूनच घ्यावे. मात्र पाठीच्या दुखण्यासोबत पायांतली ताकद गेली, कमरेखाली बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर तो भडका नसून मज्जारज्जूवरचा दाब असू शकतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

वर्षांनंतरचे दुखणे

उशिराच्या दुखण्याच्या मुळाशी दोन गोष्टी असतात: बारीक रक्तवाहिन्या बंद पडणे आणि तंतूंचा थर साठणे. टीजीएफ-बीटा हे प्रथिन दुरुस्तीची आज्ञा देत राहते, ती आज्ञा मागे घेतली जात नाही आणि ऊती राठ, आखडलेल्या होतात. हे नुकसान रोजच्या डोसाच्या आकारावर फार अवलंबून असते. एकूण डोस अनेक छोट्या हप्त्यांत वाटण्यामागचे एक मोठे कारण तेच.

जबड्याचे स्नायू आखडले की तोंड उघडत नाही. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात मावतात का, ही घरच्या घरी करायची सोपी तपासणी आहे. तोंडाचे व्यायाम दुखणे सुरू होण्याआधीपासून रोज करायचे असतात, एकदा आखडलेला जबडा मोकळा करणे फार कष्टाचे जाते. स्तनाच्या उपचारांनंतर खांद्याच्या व्यायामालाही हेच लागू आहे.

नसांचे दुखणे हे जळजळ, मुंग्या, विजेचा झटका अशा शब्दांत सांगितले जाते. मानेला किरण घेतल्यानंतर दोन-चार महिन्यांनी मान पुढे वाकवताच पाठीतून पायांपर्यंत झटका जातो, त्याला लेर्मिटचे लक्षण म्हणतात. मज्जारज्जूतील तंतूंवरचे आवरण तात्पुरते पातळ झाल्याने ते होते आणि बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते. हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याला झालेली इजा मात्र कायमची असते. आजच्या पद्धतींत ती क्वचित दिसते. तिची सुरुवात सहसा बधिरपणा आणि मुंग्यांनी होते. सुरुवातीपासूनच तीव्र दुखत असेल तर आजार उलटल्याची शंका आधी तपासावी लागते. नसांच्या दुखण्यावर साध्या गोळ्या फारशा चालत नाहीत, प्रेगाबालिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधे लागतात.

हाडांचे नुकसानही असेच उशिरा दिसते. ओटीपोटाला किरण घेतलेल्या, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांत माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाला बारीक तडे जातात. उभे राहिले की दुखते, पडले की थांबते. हाडाच्या स्कॅनवर हे कर्करोग पसरल्यासारखे दिसू शकते, खात्रीसाठी एमआरआय करतात. खालच्या जबड्याचे हाड घट्ट आणि त्याचा रक्तपुरवठा मोजका, म्हणून किरणोपचारानंतर तिथली दाढ काढली तर कधी खड्डा भरून न येता हाड उघडे पडते आणि मरते. त्यासाठी किडलेले दात किरणोपचाराच्या किमान दोन आठवडे आधी काढले जातात. नंतर फ्लोराइडने रोजची निगा राखावी लागते.

मॉर्फिनबद्दल

व्रणांचे तीव्र दुखणे किंवा हाडाची वेदना साध्या गोळ्यांना दाद देत नाही, तेव्हा मॉर्फिन दिले जाते. त्याचा अर्थ शेवट जवळ आला असा नसतो. तोंडाचे व्रण भरले की डोस टप्प्याटप्प्याने कमी करून ते बंदही होते. बद्धकोष्ठता मात्र जवळजवळ प्रत्येकाला होते, म्हणून पहिल्या गोळीसोबतच शौच साफ होण्याचे औषध सुरू करावे लागते. २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणे सोपे झाले. तरी ते प्रत्येक दुकानात मिळत नाही. मोठ्या रुग्णालयाच्या पॅलिएटिव्ह (वेदना व त्रास कमी करणाऱ्या) विभागात चौकशी करावी आणि गोळ्या संपायच्या आत पुढची चिठ्ठी घ्यावी.

डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी लिहून न्याव्यात: दुखणे कितव्या आठवड्यात किंवा महिन्यात सुरू झाले, ठसठसते की जळते की झटका बसतो, कशाने वाढते, आणि आतापर्यंत कोणती औषधे घेतली. उपचार संपताना मिळणारा डोसाचा आणि जागेचा सारांशही फाइलमध्ये जपून ठेवावा. दहा वर्षांनी दाढ काढायची वेळ आली, तरी दंतवैद्याला आधी तोच कागद दाखवावा.